रिव्हॉल्व्हरचा सांगाडा : लहान बरा की मोठा?

सायकलच्या दुकानात पूर्वी हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आमच्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल. "बावीसची देऊ की चोवीसची?" हा आकडा चाकाचा नव्हे, फ्रेमचा. मुलगा पुढे वाढेलच, या हिशेबाने वडील चोवीसची घेत आणि मुलगा दोन वर्षे पायडलवर कसाबसा पाय टेकवीत, सीटवर डावीउजवीकडे झुलत शाळेत जाई. मग केव्हा तरी आळीतल्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बावीसच्या सायकलशी अदलाबदल होई आणि दोन्ही घरांतील तक्रार मिटे. दोन्ही सायकली चांगल्याच होत्या. फक्त माप आणि माणूस यांची गाठ चुकलेली होती.

आज आम्ही ज्या वस्तूविषयी सांगणार आहोत ती सायकलीसारखी निरुपद्रवी नाही. परंतु रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या लोकांतही वाद चालतो तो असाच फ्रेमचा, म्हणजे सांगाड्याचा. आणि तेथेही अदलाबदलीचा व्यवहार अखंड चालू असतो. हा विषय मुख्यतः अमेरिकेचा. तेथे खासगी माणसाने शस्त्र बाळगणे कायदेशीर आहे, सर्रासही आहे. तेव्हा व्याख्यानमालेच्या ग्रंथात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, चित्रपटांतून आणि रहस्यकथांतून आपण सर्वांनी रिव्हॉल्व्हर शेकडो वेळा पाहिले आहे. पण तेथे त्याला वजन नसते, धक्का नसतो आणि नेम सहसा चुकत नाही. खऱ्या वस्तूला वजन असते. त्या वजनाचा हिशेब समजून घेतला म्हणजे एका यंत्राची रचना तर कळतेच, शिवाय माणूस आपल्या सोयीसाठी स्वतःला कसा फसवितो तेही थोडेसे कळते.

प्रथम सांगाडा म्हणजे काय ते पाहू. रिव्हॉल्व्हरच्या मध्यभागी पोलादाची एक चौकट असते. तिच्या खिडकीत काडतुसांच्या पाच-सहा घरांचे फिरते चाक बसते. चौकटीच्या पुढच्या बाजूस नळी आटे पाडून घट्ट बसवितात. मागच्या बाजूस घोडा आणि चाप यांची यंत्रणा असते. खाली मूठ असते. नळी लांब-आखूड करता येते, मुठीवरील लाकूड बदलता येते; पण चौकटीचे माप एकदा ठरले की ठरले. खिडकी जेवढी, तेवढेच चाक. चाक जेवढे, तेवढीच काडतुसे आणि तेवढीच त्यांची ताकद. शिवाय मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचे अंतरही चौकटीवरच अवलंबून असते. हे अंतर तुमच्या बोटाच्या लांबीशी जुळले नाही, तर चाप ओढताना सारी मूठच वळते आणि नेम बाजूला जातो. म्हणजे सांगाड्याच्या एका मापात तीन गोष्टी एकदम ठरून जातात : खिशाला किंवा कमरेला किती भार, हाताला किती धक्का आणि बोटाला चाप किती जवळ.

हा झगडा रिव्हॉल्व्हरच्या जन्मापासूनचा आहे. सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत आपल्या फिरत्या चाकाच्या शस्त्राचे पेटंट घेतले. १८४७ साली मेक्सिकोच्या युद्धासाठी त्याने वॉकर नावाचे जे रिव्हॉल्व्हर तयार केले त्याचे वजन दोन किलोहून थोडे अधिकच होते! ते कमरेला लावून हिंडणे अवघड. म्हणून ते घोड्याच्या खोगिराला अडकविलेल्या म्यानात ठेवीत. अर्थात स्वार घोड्यावरून उतरला की शस्त्र घोड्यापाशीच राहणार. पुढे १८५१ साली कोल्टने 'नेव्ही' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे वजन सुमारे बाराशे ग्रॅम. गोळी मात्र लहान,.३६ मापाची. हे कमरेला नीट बसे आणि हातातही तोलदार वाटे, म्हणून ते अतिशय लोकप्रिय झाले. मग मागणी आली ती अशी की, सांगाडा नेव्हीचाच हवा, पण गोळी मोठी, .४४ ची हवी. १८६० साली कोल्टने तेही केले. सांगाड्याला थोडी खाच पाडली, चाकाचा पुढचा भाग तेवढा जाड केला आणि जुन्या मापात मोठी गोळी बसविली. हे शक्य झाले ते पोलाद सुधारले म्हणून. हीच कहाणी पुढील शंभर वर्षांत पुनःपुन्हा घडली : माणसाला लहान सांगाडा हवा असतो आणि त्यात मोठी गोळीही हवी असते.

विसाव्या शतकात या मापांना अक्षरांची नावे मिळाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाढलेल्या स्मिथ अँड वेसन या कंपनीची अक्षरे अमेरिकेतील शौकिनांच्या तोंडी अशी बसली आहेत की, कित्येकदा ते बंदुकीचे नाव न घेता नुसते अक्षरच बोलतात. 'के' हा मधला सांगाडा. १८९९ साली काढलेले.३८ चे सहाबारी रिव्हॉल्व्हर त्यावरचे. चार इंची नळीसह याचे वजन साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि अमेरिकेतील पोलिसांच्या कित्येक पिढ्यांनी ते वापरले. 'एन' हा मोठा सांगाडा, १९०८ सालचा, .४४ च्या जाड काडतुसासाठी केलेला; त्यावरचे शस्त्र बाराशे ग्रॅम आणि त्याहून जड. 'जे' हा छोटा सांगाडा, १९५० सालचा, यात.३८ ची सहाऐवजी पाचच घरे, आखूड नळी आणि वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. कोटाच्या खिशात मावणारे हे माप. त्याच्याही आधी, १९२७ साली, कोल्ट कंपनीने 'डिटेक्टिव्ह स्पेशल' नावाचे आखूड रिव्हॉल्व्हर काढले होते. ते किंचित मोठे, पण त्यात सहा घरे. एका घरासाठी किती जाडी सोसावी, यावर तेव्हापासून जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

आता थोडे गणित करू. शाळेत शिकलेला न्यूटनचा नियम येथे उपयोगी पडतो. गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र तेवढ्याच संवेगाने मागे येते. .३८ ची नेहमीची गोळी सुमारे दहा ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर. जळालेल्या दारूच्या वायूचा हिशेब सोडून दिला, तरी साडेनऊशे ग्रॅमचे 'के' शस्त्र सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने मागे येईल, तर साडेपाचशे ग्रॅमचे 'जे' शस्त्र सव्वाचार मीटर वेगाने. तळहाताला जो मार बसतो तो वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. म्हणून एकंदर ऊर्जेचा हिशेब केला, तर त्याच काडतुसाचा धक्का लहान शस्त्रात पावणेदोन पट होतो. वजन जेवढ्या पटीने घटवावे तेवढ्या पटीने धक्का वाढतो, असा हा साधा व्यस्त हिशेब आहे. तेव्हा दिवसभर कमरेवर वाचविलेला भार चाप ओढण्याच्या क्षणी हाताला एकदम चुकता करावा लागतो.

हे सर्वांना ठाऊक असूनही लोक पुनःपुन्हा फसतात ते कसे, हे 'मॅग्नम' काडतुसाच्या इतिहासावरून दिसते. १९३५ साली .३५७ मॅग्नम निघाले. गोळी दहा ग्रॅमचीच, पण वेग सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या घरात. ते प्रथम मोठ्या 'एन' सांगाड्यात दिले गेले आणि तेथे ते शोभलेही. परंतु पहारा करणाऱ्या माणसाला रोज आठ तास ते ओझे नको होते. सीमा पोलीस दलातील बिल जॉर्डन या नामांकित नेमबाजाने कंपनीपाशी आग्रह धरला की, हेच काडतूस मधल्या 'के' सांगाड्यात द्या. १९५५ साली 'कॉम्बॅट मॅग्नम' म्हणून ते निघाले. वजन एक किलोच्या आसपास, हातात सुरेख बसणारे. पोलिसांना ते फार आवडले. त्या काळी बहुतेक जण सराव सौम्य .३८ काडतुसांनी करीत (ती .३५७ च्या चाकात चालतात) आणि कामावर जाताना तेवढी मॅग्नम भरीत. हात सुखी, शस्त्रही सुखी.

पण १९७० सालच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे एका चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार तरुण अधिकारी मारले गेले. त्याची कारणे अनेक होती आणि ती साऱ्या अमेरिकेत चर्चिली गेली. त्या चर्चेत एक मुद्दा असाही आला की, सराव सौम्य काडतुसांचा आणि प्रसंग मात्र जोरकस काडतुसांचा, हे बरे नव्हे. जे कामावर भरायचे त्यानेच सराव झाला पाहिजे. हा विचार पुढे बळावला. तसा सराव ज्यांनी मॅग्नमने सुरू केला त्यांच्या 'के' सांगाड्यांतील दुखणे मग बाहेर आले. या सांगाड्यात जागा अपुरी असल्यामुळे, चाक ज्या बिजागरीवर बाहेर येते तिला वाट मिळावी म्हणून नळीच्या मागच्या तोंडाचा खालचा भाग थोडा तासलेला असतो. हलक्या गोळीची जोरकस मॅग्नम काडतुसे सतत उडविली की, त्या पातळ जागी तडा जाई. म्हणजे लहान सांगाड्यात मोठी गोळी बसविण्याची किंमत धातूने भरली. तेव्हा कंपनीने १९८० च्या सुमारास 'एल' नावाचा नवा सांगाडा काढला. त्याची चौकट आणि नळीचे तोंड जाड, पण मूठ मात्र 'के' चीच ठेवली. यात खरा शहाणपणा होता. हाताला जे माप आवडले होते ते कायम ठेवले आणि पोलादाला जे हवे होते ते पोलादाला दिले. आजही जुन्या 'के' वर प्रेम करणारा आणि 'एल' शिवाय दुसरे न घेणारा, असे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, मी रोज .३८ च उडवितो, मग दीडदोनशे ग्रॅम जादा का वाहू? दुसरा म्हणतो, मी मॅग्नमच उडवितो, मग शस्त्र का फोडू? आमच्या मते दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांनाही आपण काय करतो ते ठाऊक आहे.

अदलाबदलीचा खरा जन्म येथेच होतो. याचे फार चांगले उदाहरण रूगर या कंपनीचे आहे. १९५५ साली तिने 'ब्लॅकहॉक' हे जुन्या धर्तीचे, दर वेळी घोडा हाताने ओढावा लागणारे .३५७ चे रिव्हॉल्व्हर मध्यम सांगाड्यावर काढले. १९७३ साली नवी आवृत्ती काढताना कंपनीने तेच काडतूस .४४ मॅग्नमच्या मोठ्या सांगाड्यावर चढविले. कारखान्याच्या दृष्टीने सोय झाली, बळकटीही वाढली. पण कित्येकांच्या हाताला ते अवजड वाटले आणि जुने मध्यम माप लोक शोधू लागले. १९९३ साली आलेले 'व्हॅकेरो' हेही मोठ्याच सांगाड्यावर होते. २००५ साली कंपनीने त्याच्या जागी 'न्यू व्हॅकेरो' आणले, ते कोल्टच्या १८७३ सालच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरच्या मापाचे, म्हणजे लहान. आणि त्याच वर्षी.३५७ ब्लॅकहॉकही पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने पुन्हा मध्यम सांगाड्यावर काढले. मग मौज अशी झाली की, जुन्या वेषात खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीच्या स्पर्धांतील लोकांना नवे लहान माप हवेसे वाटले, तर .४५ ची भारी काडतुसे स्वतः भरून शिकारीला जाणाऱ्यांना जुने मोठे माप सोडवेना. कारण ती काडतुसे नव्या लहान सांगाड्यात भरणे धोक्याचे. एकाला जे नको तेच दुसऱ्याला हवे. आमच्याकडील बैलबाजारात जसे एकाचा उंच बैल आणि दुसऱ्याचा ठेंगणा बैल जोडी जमविण्यासाठी बदलले जात आणि दोघेही आपणच फायद्यात राहिलो असे समजून घरी जात, तसाच हा व्यवहार.

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. सांगाडा आणि चाक एकाच मापाचे असले, तर .३५७ चे शस्त्र .४५ च्या शस्त्रापेक्षा जड असते! कारण भोक लहान, म्हणून उरलेले पोलाद जास्त. 'लहान गोळी म्हणजे हलके शस्त्र' या समजुतीने व्यवहार करणारा येथे चुकतो.

परंतु या अदलाबदलीत सायकलीपेक्षा किंवा बैलापेक्षा अधिक काही पणाला लागलेले असते. १९७३ पूर्वीच्या जुन्या ब्लॅकहॉकमध्ये घोडा खाली असताना त्याचे टोक काडतुसाच्या बुडावर टेकू शके. शस्त्र हातातून घोड्यावर पडले, तर गोळी सुटण्याचा संभव असे. म्हणून जाणकार त्यात पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. नव्या रचनेत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये, चाप पूर्ण ओढल्यावरच वर येणारी एक पट्टी घातली आणि हा धोका गेला. जुनी शस्त्रे आणून दिल्यास कंपनी ती फुकट बदलून देऊ लागली. आता, आपल्याला मध्यम सांगाडा आवडतो म्हणून कोणी नव्याच्या बदल्यात जुने शस्त्र घेतले आणि सवयीने सहा घरे भरली, तर काय होईल? माप मनासारखे मिळाले, पण त्या मापाबरोबर आलेला नियम घेतला नाही. अशा व्यवहारात देणाऱ्याने ही गोष्ट सांगितली नाही, तर त्याने नुसती वस्तू दिली नाही, एक अपघातही दिला, असेच म्हटले पाहिजे.

म्हणून तेथील अनुभवी लोक असा व्यवहार करताना एक क्रम पाळतात. प्रथम चाक उघडून प्रत्येक घर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहायचे. समोरच्याने पाहिले असले तरी आपण पुन्हा पाहायचे. मग घोडा सावकाश मागे ओढून प्रत्येक घर नळीसमोर नेमके थांबते की नाही ते तपासायचे. चाक पुढेमागे हलते का, चाक आणि नळी यांच्यातील फट फार मोठी तर नाही, नळीच्या मागच्या तोंडाला तडा आहे काय, हे पाहायचे. त्यानंतर हात. मूठ धरल्यावर चाप बोटाच्या पेराखाली सहज येतो का? शेवटी खर्च. सांगाडा बदलला की, चामड्याचे म्यान बदलते, चाक झटपट भरण्याचे साधन बदलते. 'के' आणि 'एल' यांची मूठ एक असल्याने तेवढी वाचते. दुकानदाराकडे बदली केली, तर तो स्वतःचा नफा ठेवूनच तुमच्या जुन्या शस्त्राची किंमत करणार. कायदाही आहे. १९६८ सालच्या कायद्यानुसार दोन वेगळ्या राज्यांतील खासगी माणसांना असा व्यवहार परस्पर करता येत नाही. परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच करावा लागतो, आणि घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासली जाते. एकाच राज्यातील खासगी व्यवहाराला मात्र सर्वत्र सारखा नियम नाही. काही राज्यांत तपासणी सक्तीची, काहींत नाही. समोरचा माणूस कोण आहे हे न पाहता केलेली अदलाबदल ही तेथील समाजाची एक उघडी जखम आहे, आणि तीवरून तेथे तीव्र मतभेदही आहेत.

सांगाड्याचा हा प्रश्न आपल्याकडेही एका वाटेने येऊन पोहोचला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सेनेपाशी .४५५ चे वेब्ली रिव्हॉल्व्हर होते, सुमारे अकराशे ग्रॅमचे. युद्धानंतर विचार झाला की, थोड्या दिवसांच्या शिक्षणात साध्या शिपायाला ते आवरत नाही. त्याला आवरेल असे माप द्यावे. म्हणून १९३२ साली .३८ चे, पावणेआठशे ग्रॅमचे एन्फील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले. मोठ्या गोळीचा अभिमान सोडून त्यांनी हात पाहिला. त्याच धर्तीच्या लहान वेब्लीवरून पुढे कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चे रिव्हॉल्व्हर तयार झाले. २०१४ साली तेथूनच, दिल्लीतील २०१२ च्या त्या भीषण घटनेनंतर, स्त्रियांच्या उपयोगासाठी म्हणून 'निर्भीक' हे पाचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर निघाले. त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या जवळपास होती. .३२ चे काडतूस मुळात सौम्य असल्याने पाचशे ग्रॅम हे वजन येथे चालून जाते. तेवढ्याच वजनात मॅग्नम असते, तर हाताची दशा झाली असती. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय ते घेता येत नाही, ठेवता येत नाही, दुसऱ्याला देताही येत नाही. त्यामुळे 'आवडले नाही, बदलून घेऊ' ही वाट येथे फार अरुंद आहे, आणि ती तशी आहे हे आम्हांस बरेच वाटते.

तेव्हा लहान सांगाडा बरा की मोठा? याचे एकच उत्तर कोणी देऊ लागला, तर तो काही तरी विकतो आहे असे समजावे. जो माणूस वर्षातून एकदाही सराव करीत नाही आणि खिशात मावते म्हणून सर्वांत हलके, सर्वांत जोरकस शस्त्र घेतो, तो दोन्हीकडून फसतो. पहिल्याच सरावात हात झिणझिणतात, तो ते कपाटात ठेवून देतो, आणि घरात एक असे शस्त्र राहते जे त्याला चालविता येत नाही, पण घरातील मुलाच्या हाती लागू शकते. उलट, आपला हात, आपले काडतूस आणि आपला सराव यांचा विचार करून ज्याने चार-दोन वेळा अदलाबदल केली आणि अखेर एका मापावर येऊन थांबला, त्याने निदान स्वतःशी खोटे बोलणे सोडले.

त्या चोवीसच्या सायकलीवरून मुलगा पडला तर गुडघा फुटे. आई हळद लावी आणि आठ दिवसांत तो बरा होई. येथे पडणाऱ्याला उठता येईलच असे नाही, आणि पुष्कळदा पडणारा दुसराच कोणी असतो. म्हणून येथे माप आधी घ्यावे, वस्तू मागाहून. आणि माप घेतल्यावर 'ही वस्तू मला नकोच' असे वाटले, तर तो निर्णयही मापातलाच समजावा.